झुबेदाभाभींनी सांगितलेला चेहरा

मैत्रिणींनो, आपल्या फिरत्या चित्रवहीत मी आजवर फक्त फुलंपानं रंगवली. आज दुपारी शेजारच्या झुबेदाभाभी आल्या. त्यांचे यजमान गलबत घेऊन गेलेत, परतायचा दिवस उलटून आठवडा झाला. घरात त्यांचा एकही फोटो नाही.

"मी सांगते, तू काढ," भाभी म्हणाल्या.

माणूस मी कधीच काढला नव्हता. तरी पेन्सिलीला टोक केलं. रुंद कपाळ, आखूड दाढी, किंचित वाकडं नाक.

"अगदी तेच गो!" त्या हसल्या. मी डोळ्यांपाशी आले, तसा त्यांनी माझा हात धरला.

"डोळे राहू दे. ते आले की समोर बसवून काढ."

तेव्हापासून भाट्याच्या किनाऱ्याकडून वारा वाढतोच आहे. बंदरावरून निरोप नाही. मी हे बिनडोळ्यांचं चित्र काढायला हवं होतं का?