सहावा पाळणा

माजी पोरगी पाळण्यातनं काढली आन पाळणा फिनेलनं धुतला. माज्यासमोर.

पोरगी माज्या खांद्यावर, अर्धी झोपेत. पाळण्याचं कापड बादलीत बुडवलं. लोखंडी दांड्या पुसल्या. मग परत पुसल्या. पुसणारी आक्का, पाळणाघराची बाई. इधवा व्हती, कुणब्याची. मनानं वाईट नव्हती. खाली मान घालून पुसत व्हती. बाजूला बाईसाहेब उभ्या. पुण्याच्या. कामगारांचं बरंवाईट बगायला कंपनीनं नेमलेल्या.

त्या म्हणाल्या, "राग मानू नकोस हं. बाकीच्या बायका ऐकायच्या नाहीत. तुझ्या मुलीचं काय गेलं? दोन तास पाळण्यात झोपली की नाही?"

म्या म्हणलं, "व्हय बाई."

एवढंच म्हणलं. आन पोरीला घेऊन माज्या जागंवर गेले.

आमी महारवाड्यातली माणसं. देहूच्या अलीकडं गाव. चिंचवडच्या माळावर स्क्रूची कंपनी निघाली, तवा बाया घेतल्या. मी दुसरीतनं शाळा सोडलेली, पर नजर चांगली. स्क्रू निवडायचं काम. ढिगातनं वाकडा, फुटका, आटे न पडलेला बाजूला टाकायचा. दिवसभर मान खाली. हात तेलानं काळे. सुटी झाली की लाकडाच्या भुश्यानं हात चोळायचे, तरी वास जायाचा न्हाई. भाकरीला बी त्योच वास.

माज्या हातचे स्क्रू कुठं बी चालायचे. त्या पाळण्यांना बी आमीच निवडलेले स्क्रू.

पाळणे कायद्यानं आले. बाया कामाला ठेवल्या तर त्यांच्या लेकरांची सोय करा, असा सरकारचा नवा कायदा. समदे म्हणायचे, दिवस बदलले. सहा पाळणे आले. मी बी पोरीला घेऊन गेले. घरी तिला बगाया कुणी नव्हतं. सासू वारलेली, मालक दगडाच्या खाणीवर. आक्का दारातच आडवी आली. "तुजी हितं नगं गं. माजी बी नोकरी हाय."

मग पोरगी कुठं? मालाच्या शेडात. खोक्यांच्या मागं, भुश्याच्या पोत्यावर. रांगत मशिनीकडं जाईल म्हणून पायाला चिंधी बांधायची आन चिंधी खांबाला. त्या भुश्यात लोखंडाचा कीस असायचा. पोरीच्या मांड्या ओरबाडलेल्या. मुंगळे चावायचे. मी रोज सकाळी बांधायचे. सोताच्या हातानं. हे मी झाकत न्हाई.

तर सरकारी साहेब पयल्यांदा पाळणे तपासाया आला, त्या दिवशी एक बाई लेकरू घेऊन माहेरला गेलेली. एक पाळणा मोकळा. मोकळा बरा दिसत न्हाई, म्हणून बाईसाहेबांनी माजी पोरगी मागून नेली. साहेब गेला. मग ती फिनेलची बादली आली.

जेवायच्या सुटीत शेजारची कुसुम म्हणली, "एका दिवसाची राणी झाली गं तुजी!" तिचं लेकरू पाळण्यातलंच. बाया हसल्या. मी बी हसले. काय करणार.

घरी मालकाला सांगितलं. त्यो म्हणला, "गप ऱ्हा. सावलीत बसून काम हाय. का येती खाणीवर धोंडे फोडाया?" त्याचं बी खरं व्हतं.

चार म्हैनं गेलं. पोरगी धरून उभी ऱ्हाया लागली. एक दिवस बाईसाहेब सोता माज्या ढिगापाशी आल्या. हातात झबलं. नवं, गुलाबी. "आज पुन्हा मुलगी दे हं. साहेब यायचेत, एक पाळणा रिकामा आहे."

दिली. व्हय बाई म्हणून दिली.

साहेब आला. पाळणाघराचं दार उघडं, मला माज्या जागंवरनं दिसत व्हतं. म्हातारा माणूस. त्यानं माज्या पोरीच्या गालाला हात लावला. बाईसाहेब हसत व्हत्या. आन आक्का कोपऱ्यात बादली घेऊन उभी. भरलेली बादली. साहेब अजून गेला बी नव्हता.

ती बादली बगितली आन मी उठले.

तेलाच्या हातानंच आत गेले. पोरीला उचललं. झबल्यावर माजी काळी बोटं उठली. म्हणलं, "साहेब, या. हिची जागा दावते."

"अगं, हे काय चाललंय तुझं?" बाईसाहेब म्हणाल्या. पर साहेब आला माज्या मागं.

शेडात पोरीला पोत्यावर बसवलं. खांबाला चिंधी तशीच व्हती. साहेबाला बांधून दावायचं माज्या मनात. चिंधीचं टोक हातात घेतलं.

आन पोरीनं पाय पुढं केला.

आपसूक. हसत. रोजच्यावाणी.

बोलायचं व्हतं ते समदं इसरले. वर्साची बी न्हाई पोर. पाय कुठं द्यायचा, हे तिला कळलं व्हतं. कुणी शिकवलं? बाईसाहेबांनी न्हाई. आक्कानं न्हाई. म्या.

दातानं खांबाची गाठ सोडली. चिंधी तिथंच टाकली. पोरीला परत नेऊन पाळण्यात ठेवलं आन दांडी धरून उभी ऱ्हायले. आक्काला म्हणलं, "आता धू. पोर आत असताना धू."

आक्कानं बादली खाली ठेवली.

साहेब कागदावर कायतरी लिवत गेला. काय लिवलं, ते मला कवाच कळलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी पोरीला थेट पाळण्यात नेऊन ठेवलं. दोघी बायांनी आपली लेकरं उचलून नेली. कुसुमनं न्हाई नेलं. तिचं लेकरू पाळण्यातच ऱ्हायलं. आठ दिवस असं चाललं. नवव्या दिवशी मला गेटावरच अडवलं. म्हणले, तुजी नजर बिघडली, वाकडे स्क्रू सुटत्यात.

मग खाणीवर धोंडे फोडले. चाकणच्या बाजारात कांदा निवडला. जिथं गेले तिथं आधी इचारलं, "लेकरू कुठं बसणार?" जागा बगितली, मगच कामाला हात लावला. जागा न्हाई पटली तर माघारी फिरले. कैक दिवस उपाशी काढले. मालक चिडायचा. चिडू दे.

आता नात चाकणला कंपनीत हाय. तिचं लेकरू दीड वर्साचं. सांगती, "आजी, आमच्याकडं पाळणाघर हाय, डॉक्टर हाय. मन बरं नसलं तर बोलाया मॅडम हाय."

मी एकच इचारते. "तपासणीचा साहेब गेल्यावर बी असतं का गं?"

ती हसती. मी हसत न्हाई. तिला म्हणते, उद्या न सांगता जा, आन सोता बग. नसंल तर लेकराला उचल आन समद्यांच्या म्होरं आण.

मी थकले. गुडघे गेले, नजर आता खरंच गेली. पर त्यो पुढं केलेला पाय दिसतो. ह्या हातानं परत कुणाचा पाय बांधला न्हाई, बांधणार न्हाई. आन बांध म्हणून कुणी सांगितलं, तर व्हय बाई म्हणणार न्हाई.