चार बोटं डावीकडे

साठी उलटली तरी विल्फ हेपलने बंदुकीला कधी हात लावला नव्हता. हेदरली गावातली निम्मी पुरुषमंडळी सैन्यात जाऊन आलेली, उरलेली रविवारी ससे मारत हिंडणारी. हा मात्र जन्मभर रेल्वेच्या सिग्नलच्या केबिनमध्ये दांडे ओढत राहिला आणि संध्याकाळी रुळांच्या बांधाखाली भाड्याने घेतलेल्या आपल्या बागेच्या तुकड्यात लीक वाढवत राहिला. लीक ही कांद्याच्याच भावकीतली भाजी, पण हेदरलीत तिची भाजी नंतर होते. आधी सप्टेंबरात क्लबच्या प्रदर्शनात तिला काळ्या मखमलीवर निजवतात, पंच टेप लावून तिचा घेर मोजतात, आणि ज्याचा घेर मोठा तो वर्षभर बारमध्ये जरा वरच्या पट्टीत बोलतो. विल्फला वरची पट्टी नव्हतीच. कप मात्र बहुतेक वर्षी त्याच्याच घरी जायचा.

त्याच्या लीकचं बियाणं बापाकडून आलेलं होतं. बियाणं म्हणजे बी नव्हे. चांगल्यातला चांगला लीक राखून ठेवायचा, दुसऱ्या वर्षी त्याला उंच दांडा येतो, आणि दांड्याच्या डोक्यावर कोवळ्या रोपांचं जावळ उगवतं. ते उपटून पुढची लागवड करायची. म्हाताऱ्या हेपलने मरताना बजावलं होतं, "पोरगी कुणालाही दे, जावळ देऊ नकोस." विल्फला मूलबाळ झालं नाही, त्यामुळे निम्मी आज्ञा आपोआपच निकालात निघाली. उरलेली त्याने पाळली.

दुसरा नंबर नेहमी मॅटी लेडलरचा. शाळेपासूनचा दोस्त, विल्फच्या लग्नात पाठराखा, विल्फच्या बापाला खांदा देणारा. सैन्यात असताना नेमबाजीची बक्षिसं मिळवलेली आणि आता हे तुकडे वाटून देणाऱ्या बागांच्या कमिटीचा सेक्रेटरी. दर सप्टेंबरात तो विल्फची पाठ थोपटून म्हणायचा, "मेल्या, एकदा तरी आजारी पड की!" सगळे हसायचे, आणि सगळ्यांत जास्त विल्फ.

त्या वसंतात सशांनी बांधाखालून बिळं काढली. विल्फने जाळी लावली, तर त्यांनी खालून उकरलं. डांबराच्या गोळ्या टाकल्या, त्यांचा वास सशांना आवडला असावा. बायको थोराने माणसाच्या वासाला ससे बिचकतील म्हणून न्हाव्याकडून केस आणून वाफ्याभोवती पसरले.

"सशांसाठी गादी भरतोयस का?" मॅटीने विचारलं. "एअर रायफल घे आणि मोकळा हो. कमिटीची परवानगी मी काढतो."

"मला जमायचं नाही रे. जीव घ्यायचा म्हणजे..."

"मी आहे ना!"

या तीन शब्दांवर विल्फने आजवर बरंच काही केलं होतं. ते दोघं शनिवारी मिसेस प्राउडच्या बंदुकांच्या दुकानात गेले.

मिसेस प्राउड म्हणजे नवऱ्यामागे दुकान सांभाळणारी, तोंडाने फटकळ आणि मालाला चोख बाई. तिने आधी बंदूक दाखवलीच नाही. काय मारायचंय, किती लांबून, मागे रस्ता आहे का, हे सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "बाटलीतून हवा भरायची ती नको, तुम्ही बाटलीच सांभाळत बसाल. ही घ्या, नळी मोडून, म्हणजे खाली दुमडून, स्प्रिंग ताणायची. छर्रा मोठा वापरा. ससा एका फटक्यात गेला पाहिजे, तडफडता कामा नये. आणि पाच छर्रे एका पेनीखाली झाकले जात नाहीत, तोवर सशावर रोखायची नाही."

"आणि दुर्बीण?" मॅटी म्हणाला.

"पहिलीच बंदूक आहे ना यांची? मग नळीच्या टोकावरची नेम धरायची साधी माशी बरी. माशी वाकडी झाली तर डोळ्याला दिसते. दुर्बीण आतून सरकली तर शहाण्यालाही कळत नाही."

"याला बारमध्ये समोर बसलेला मी दिसत नाही, माशी कुठली दिसायला! दुर्बीण लावा, बाई."

विल्फही हसला. मिसेस प्राउडने खांदे उडवले आणि दुर्बीण लावून दिली.

दुपारी मॅटीने बागेच्या टोकाला मातीच्या ढिगापुढे खुंटावर घेवड्याचा रिकामा डबा ठेवला. तीन छर्रे मारले, तीनदा डबा पडला. मग त्याने दुर्बिणीवरच्या दोन पितळी टोप्या काढल्या. "घट्ट करून ठेवतो, नाहीतर धक्क्याने सरकेल," असं म्हणत नाण्याने आतले स्क्रू फिरवले आणि टोप्या पुन्हा बसवल्या.

"आता या टोप्यांना हात लावायचा नाही. बघायलासुद्धा उघडायच्या नाहीत."

"नाही लावणार."

आणि विल्फ खरोखरच लावणार नव्हता. पुढच्या केबिनमधल्या माणसाने रस्ता मोकळा म्हणून घंटा दिली, की मागच्याने ती खरी मानून गाडी सोडायची. तो रूळ बघायला पळत जायचं नाही. असल्या विश्वासावर या माणसाने नोकरी काढली होती.

पण विल्फने मारला की डबा जागचा हलायचा नाही. छर्रा डावीकडे मातीत जायचा. त्याने पुठ्ठ्यावर काळा ठिपका काढून नेम धरला, तर सगळे छर्रे ठिपक्याच्या चार बोटं डावीकडे, एकमेकांना चिकटून.

"पेनीखाली तर झाकले जातायत," तो मॅटीला म्हणाला. "पण भलतीकडेच."

"एकच चूक दरवेळी करतोयस म्हणून एकाच जागी लागतायत. चाप ओढताना मनगट फिरतं तुझं. आणि हात बघ, कापतोय."

"कापतोय?"

"जरासा. तुला नाही दिसायचा."

"तू मारून बघ ना एकदा."

"मी मारून काय होणार? लीक तुझे, हातही तुझेच हवेत." मॅटीने कपातला चहा संपवला. "सराव कर. येईल."

विल्फने सराव केला. हात कोपरापासून आवळून धरला, श्वास रोखला, चाप कोंबडीच्या पिलाला धरावं तसा हलका दाबला. छर्रा डावीकडेच. जूनअखेर सशांनी त्याची सगळ्यात चांगली ओळ जमिनीलगत कापून नेली. त्या संध्याकाळी त्याला राग आला आणि रागात मिसेस प्राउडची अट तो विसरला. ससा वाफ्यात आडवा बसला होता, तोंड उजवीकडे करून. विल्फने डोक्यावर नेम धरला.

छर्रा मागच्या मांडीत घुसला. ससे ओरडतात हे विल्फला माहीत नव्हतं. तान्ह्या पोरासारखा तो ओरडला आणि मोडका पाय ओढत लीकच्या ओळीत गोल गोल फिरू लागला. शेवटी विल्फला फावड्याने ते संपवावं लागलं. मग तो शेडमागे जाऊन ओकला. घरी आल्यावर थोराने विचारलं तर म्हणाला, "माझ्या हातून पाप झालं." एवढंच. जेवला नाही.

बंदूक थोराच्या जुन्या ब्लँकेटात गुंडाळून माडीवर गेली. सशांना रान मोकळं झालं आणि विल्फ आपले हात बघत बसू लागला. चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागला. मोटार चालवायची सोडली, एखादं पोर समोर आलं तर काय घ्या! चष्म्याच्या डॉक्टरांनी नंबर तोच आहे म्हणून सांगितलं, तरी त्याला पटेना. थोरा म्हणायची, "अरे, मला तर काही कापताना दिसत नाही," आणि तो म्हणायचा, "तुला नाही दिसायचं." वाक्य मॅटीचं होतं हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. अहो, बंदूक नाही, छर्रा नाही, एका शब्दाने माणूस म्हातारा करता येतो, आणि तो शब्द दोस्ताचा असला तर फारच लवकर.

सप्टेंबरात कप मॅटीने नेला. विल्फने मांडायला काही नेलंच नव्हतं, पण टाळ्या मनापासून वाजवल्या. त्या रात्री बारमध्ये मॅटी त्याच्याशेजारी येऊन बसला. आवाज मऊ, हात विल्फच्या खांद्यावर.

"सोड आता ती जागा, विल्फ. रांगेत तरुण पोरं थांबलीत. आणि जावळ माझ्याकडे दे. वाया कशाला घालवायचं? प्रदर्शनात पाटीवर मी 'हेपल' असंच लिहीन, देवाशपथ. तुझ्या बापाचं नाव राहील."

विल्फच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं कोण करतं कुणासाठी, असं त्याला वाटलं. त्याने जावळ न्यायला ऑक्टोबरातला पहिला रविवार सांगितला.

"बापाने काय बजावलं होतं?" थोराने विचारलं.

"बापाचे हात कापत नव्हते," तो म्हणाला.

त्या रविवारच्या आधी दोन दिवस तो बंदूक विकायला मिसेस प्राउडकडे घेऊन गेला.

"एवढ्यात?" तिने ब्लँकेट सोडलं, नळी मोडून आत पाहिलं. "काय झालं हिला?"

"तिला काही नाही झालं. मलाच झालंय."

ती मागच्या अंगणात गेली, वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवली आणि पुठ्ठ्यावर पाच छर्रे मारले. मग पुठ्ठा जवळ आणून बराच वेळ पाहिला. सगळे एकमेकांना चिकटून, ठिपक्याच्या चार बोटं डावीकडे.

"आता तुम्ही मारा."

"माझा हात..."

"मारा म्हणते ना!"

विल्फने पाच मारले. तिने आपल्या पाचांशेजारी बोट ठेवलं. विल्फचे पाचही तिथेच होते, आणि तिच्यापेक्षा कणभर जास्तच जवळ जवळ.

"हात कापणारा माणूस असं मारत नाही, मिस्टर हेपल. तुम्ही चांगले नेमबाज आहात. दुर्बीण सरकलीय, बस. पडली का कुठे? आपटली?"

बंदूक कधीच पडली नव्हती. पण माडीवर चढवताना दाराच्या चौकटीला घासली असेल, थोराने झाडताना ढकलली असेल. असेल. आपटलीच असेल. "आपटली असेल कदाचित," तो म्हणाला.

"मिनिटाचं काम आहे." तिने गल्ल्यातून नाणं काढलं आणि पितळी टोपीला हात घातला.

"नको." विल्फचा आवाज जरा मोठा निघाला. "आहे तशीच राहू दे. दोनच दिवस."

रविवारी मॅटी सकाळीच बागेत आला. खाली ओलं गोणपाट अंथरलेली टोपली घेऊन, नवी टोपी घालून. हरितगृहात दांड्यांवरची तीन जावळं हिरवीगार उभी होती. त्यांच्याकडे पाहताना त्याने जिभेने ओठ ओले केले. विल्फने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"आधी एक काम कर," विल्फ म्हणाला. "दुकानवाली बंदूक परत घेईना. म्हणते, हिच्यातच खोट असेल. तू एकदा मारून बघ ना, म्हणजे मला तिला सांगता येईल."

खुंटावर घेवड्याचा डबा होता, तोच, मे महिन्यातला. मॅटी क्षणभर थांबला. मग हसला. "खोट कसली डोंबलाची! आण इकडे."

त्याने नळी मोडली, छर्रा घातला, बंदूक खांद्याला लावली. विल्फ त्याच्या मागे उभा होता. ज्याला दुर्बिणीतली खोट माहीत नाही, त्याचा छर्रा चार बोटं डावीकडे मातीत जाणार. जायलाच हवा. विल्फ देवळात फारसा जाणारा माणूस नव्हता, पण तेव्हा तो मनातल्या मनात गयावया करत होता, चुक रे, मॅटी. एकदाच चुक. सगळं विसरतो, जावळ देतो, जागा देतो, पण चुक.

डबा टणकन उडाला.

"बघितलंस?" मॅटीने बंदूक खाली केली. "बंदूक झकास आहे. वय होतं रे माणसाचं, त्यात लाज कसली?"

मॅटीने बंदूक शेडला टेकवली आणि तो टोपलीकडे वळला.

"तो ससा ओरडत होता," विल्फ म्हणाला, "तेव्हाही तुला माहीत होतं?"

"कुठला ससा?"

खरंच आठवत नव्हता त्याला. विल्फला सगळ्यात जास्त ते लागलं. तीन महिने ज्याच्या ओरडण्याने त्याला झोप नव्हती, तो ससा याच्या लेखी झालाच नव्हता.

"मिसेस प्राउडने पाच मारले, मी पाच मारले. सगळे डावीकडे गेले. तुझा एकच, आणि डब्यावर. किती उजवीकडे धरायचं ते तुला बरोबर ठाऊक आहे, मॅटी. कारण फिरवलंस तूच."

मॅटीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तो हसायला गेला, पण जमलं नाही. "अरे, लीक आहेत रे ते," तो म्हणाला. "नुसते लीक! जन्मभर तूच पहिला. एक वर्ष, एकदा... तुझं काय गेलं एवढं?"

"मागितलं असतंस तर दिलं असतं. बापाची आज्ञा मोडून दिलं असतं." विल्फचा आवाज चढला नाही, उलट बसला. "परवापर्यंत तर द्यायलाच निघालो होतो, डोळ्यांत पाणी आणून. लीक नेले असतेस तर शेजाऱ्याने चोरी केली म्हटलं असतं. तू माझे हात नेलेस. केसाने गळा कापलास, मॅटी, आणि वर माझ्या खांद्यावर हात ठेवलास."

मॅटी फाटकाकडे चालू लागला. टोपली तिथेच राहिली. फाटकाशी तो वळला, बहुतेक काही म्हणणार होता, पण विल्फ त्याच्याकडे बघत नव्हता.

विल्फ डबा उचलायला मातीच्या ढिगाकडे गेला. डब्याच्या बरोब्बर मधोमध नवं भोक पडलं होतं. त्याने तो उचलला आणि डबा वाजू लागला. आतला छर्रा पत्र्यावर आपटून खडखडत होता, थांबतच नव्हता. विल्फने आपल्या हाताकडे पाहिलं. त्या सगळ्या वर्षात पहिल्यांदाच तो खरोखर कापत होता.