भोंगा ग्रुपची कॅसेट

आमच्या घरात भुताबिताचा विषय काढला की थट्टाच व्हायची. वडील डॉक्टर, राहायला तुकोगंजातला बंगला... माझाही असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. तरी लिहितोय, कारण यात माझी लाज आहे. आणि स्वतःची लाज कोणी बनवून सांगत नाही.

इंदूरच्या कपडा मिला एकेक करून बंद पडत होत्या तेव्हाची गोष्ट. मी एम.ए.ला होतो. आमच्या युनिव्हर्सिटीत नाटकाच्या ग्रुपांना खऱ्या नावाने कोणी ओळखतच नसे. आम्ही तुकोगंजवाले खात्यापित्या घरचे, म्हणून 'क्रीमरोल'. हॉस्टेलच्या पोरांचा ग्रुप 'रोडवेज', कारण सरकारी बससारखा तालमीला कधीच टाइमावर नाही. आणि परदेशीपुऱ्याच्या मुलांचा ग्रुप 'भोंगा'.

हे शेवटचं नाव मी ठेवलं होतं. त्यांचे वडील मिलमधले, लूमच्या खडखडाटात कान गेलेले. म्हणून घरात सगळे मोठ्याने बोलायचे आणि स्टेजवरही तसेच. वर मिलचा भोंगा आता बंदच झालेला. नाव कॅम्पसभर चिकटलं.

त्या ग्रुपात वंदना होती. ती आमच्यातल्या कोणापेक्षाही चांगली होती. मला ते कळत होतं, आणि तेच खुपत होतं.

एकांकिका स्पर्धेच्या दिवशी, भर दुपारी, तिचं स्वगत सुरू झालं — नवऱ्याची नोकरी गेलेल्या बाईचं. मी मागच्या रांगेतून तोंडाभोवती हात धरून मिलचा भोंगा काढला. चांगला लांब. हॉल हसला, आणि मग अख्खा हॉलच भोंगे काढायला लागला. वंदनाने दुसरं वाक्य दोनदा सुरू केलं. तिसऱ्यांदा नाही. ती विंगेत निघून गेली. पहिल्या रांगेत तिचे वडील बसले होते. त्यांना ऐकू काहीच येत नव्हतं. लोक उठून उभे राहिलेले पाहून ते टाळ्या वाजवत राहिले.

आमचा साउंड बघणाऱ्या संजूने हे सगळं टेप केलं होतं. नंतर ऐकून हसायचं ठरलं होतं आमचं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये चौघं जमलो आणि प्ले दाबलं.

भोंगा नव्हताच. हसणं नाही, खुर्च्यांची कुरकुर नाही... फक्त वंदना. पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं — सगळं स्वगत, शेवटपर्यंत. जे ती बोललीच नव्हती. असं बोलणं मी त्यानंतरही कोणत्या स्टेजवर ऐकलं नाही. संपल्यावर एकाच माणसाच्या टाळ्या.

संजू म्हणाला, "तालमीची असेल भिया." पण त्यांच्या तालमीला आमच्यातलं कोणी कधी गेलंच नव्हतं. आणि कॅसेट कोरी होती, पाकीट मीच त्या सकाळी फोडलं होतं.

आठवड्याने मी टेपरेकॉर्डर घेऊन परदेशीपुऱ्यात तिच्या घरी गेलो. वंदनाने कॉलेज सोडलं होतं, घरीच साड्यांना फॉल लावायची. वडील शेजारी बसले होते. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "ही मी नाही. मला तर पुढचं आठवतच नाही आता, किती कोशिश केली तरी." मग माझ्याकडे बघून विचारलं, "आणि तुझा आवाज कुठे गेला यातला?"

म्हणजे तिला माहीत होतं. मी म्हटलं, कोणता आवाज? ती रागावली नाही. सुई परत हातात घेतली.

"घेऊन जा," म्हणाली. "बाबांना ऐकू येत नाही, अन् मला ऐकायचं नाही."

घरी येऊन मी त्या कॅसेटवर सिनेमाची गाणी भरली, दोन्ही बाजूंना. त्या वर्षीचं बक्षीस आम्हा क्रीमरोलना मिळालं होतं. ती कॅसेट ऐकलेल्या कोणीही ते मान्य केलं नसतं.

पुढे दोन-तीन इंजिनियर मित्रांना विचारलं. झालाच नाही तो आवाज टेपवर कसा येईल, म्हणाले. तेवढं मलाही कळतं. संजू आजही भेटला की तेच विचारतो. वंदना मात्र पुन्हा भेटली नाही. वाचणाऱ्यांपैकी कोणी विचारेल, तिला सॉरी तरी म्हणालास का...

म्हणालो नाही.