काये पाहा

इथले अनुभव मी दोन वर्षांपासून वाचतो आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसलो आहे. घरी गॅसचं सिलिंडर कोणत्या तारखेला लावलं ते कॅलेंडरवर लिहिणारा मी माणूस. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, असं बायकोला कितीदा तरी ऐकवलं असेल. भुताखेतावर विश्वास तेव्हाही नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही... पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझं वय बावन्न. अमरावतीला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. ट्रस्टची दुसरी शाखा अकोल्याला आहे. नाव लिहीत नाही.

आमच्याकडे पंधरा वर्षं एकच मोठा प्रोग्रॅम होता. नोंदणी, लॅब, औषधं, वॉर्ड – सगळं त्यातच, आणि दोन्ही शाखांचा कारभार वेगवेगळा. एक बंद पडलं की सगळंच बंद. म्हणून ट्रस्टने ठरवलं की प्रत्येक कामाचा स्वतंत्र छोटा प्रोग्रॅम करायचा. त्याला आम्ही सर्व्हिस म्हणतो. तहसीलमधल्या खिडक्यांसारखं समजा. औषधाच्या खिडकीने रुग्णाच्या खिडकीला विचारायचं, ‘या माणसाला कोणतं औषध चालत नाही?’ – आणि तिने उत्तर द्यायचं. अशा चौदा सर्व्हिस. सगळी विचारपूस मधल्या एका गेटवेतून जाते आणि तिथे प्रत्येक प्रश्नाची, प्रत्येक उत्तराची वेळेसकट नोंद होते. नियम मीच लिहिला होता – यादीत ज्याचं नाव नाही, त्याला गेटवेवर बोलता येणार नाही.

यादी करण्याआधी कोण कोणाला काय विचारतं हे मी दोन्हीकडे प्रत्येक टेबलावर बसून लिहून घेतलं. अकोल्याला नोंदणीच्या टेबलावर दामूभाऊ होते. तेल्हाऱ्याकडचे, तीस वर्षांची नोकरी, कानावर पेन. माझे कागद बघून म्हणाले, “साहेब, एका म्हशीचे चौदा तुकडे करून राहिले तुमी. दूध कोनता तुकडा देईन?”

टेबलावरचे सगळे हसले. मीही हसलो.

त्यांची नोंद करायची पद्धत अशी की पेशंट तोंडाने नाव जसं सांगेल, तसंच लिहायचं. मी शुद्धलेखनाबद्दल बोललो तर म्हणाले, माणूस सोताचं नाव चुकीचं कसं सांगीन? अमरावतीला एखादा जुना पेशंट गेला, की ते तिकडे फोन करून त्याची माहिती कुठे सापडेल ते सांगायचे. हे फोन यादीत घेऊ का, असं त्यांनीच मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं. फोन म्हणजे काही सिस्टिम नव्हे.

नवीन व्यवस्था सुरू होण्याच्या महिनाभर आधी दामूभाऊ वारले. हार्ट अटॅक. मी बडनेऱ्याहून गाडी धरून अंत्ययात्रेला गेलो होतो.

सुरू झाल्यावर तीन आठवडे सगळं सुरळीत होतं. मग एका सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गेटवेवर एक फालतू ओळ दिसली. एका रुग्णाला कोणतं औषध चालत नाही, असं औषधाच्या सर्व्हिसने विचारलं होतं. रुग्णाच्या सर्व्हिसने उत्तर दिलं होतं – नोंद नाही. आणि त्याच्या मागोमाग दुसरं उत्तर. पाठवणाऱ्याची जागा कोरी; नावच नसल्याने यादीचा नियम त्याला लागला नव्हता. मजकूर दोनच शब्दांचा – ‘काये पाहा’.

मी ते ‘काय आहे पाहा’ असं वाचलं. तुम्हीही तसंच वाचलं असतं. कोणा इंजिनिअरने चाचणीच्या वेळी घातलेलं वाक्य राहून गेलं असेल, असं वाटलं. मंगळवारी तेच पुन्हा दोनदा. तिन्ही वेळा रुग्ण क्रमांक एकच होता, हे मी पाहिलं होतं. गेटवेवर नाव दिसत नाही, फक्त क्रमांक दिसतो. तो उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. त्या नोंदीत काही बिघाड असेल, सवडीने पाहू, असं मी डायरीत लिहिलं. डायरी अजून आहे.

अकोल्याच्या सुषमाताईंना फोन केला. दामूभाऊंच्या जागेवर आता त्या आहेत. त्या म्हणाल्या, आमच्याकडून असं काही जात नाही. सॉफ्टवेअर कंपनीही तेच म्हणाली. ज्याला धनी नाही अशी गोष्ट चालू ठेवणं मला पटेना. बुधवारी सकाळी कोऱ्या नावाचं काहीही आलं तर गेटवेने अडवावं, अशी सूचना मी स्वतःच्या हाताने घातली.

गुरुवारी दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी वॉर्डातून त्याच क्रमांकाच्या बाईंसाठी एक अँटिबायोटिक इंजेक्शन मागवलं गेलं. उत्तर गेलं – नोंद नाही. साडेतीनच्या सुमाराला बाईंचा श्वास अडकला. संध्याकाळी सहाच्या आत त्या गेल्या.

बाईंचं नाव निर्मला काळे. मधुमेह होता, पाय चिघळला होता, म्हणून सोमवारी अमरावतीत भरती झाल्या होत्या. तापाने ग्लानीत होत्या. वॉर्डात काय करायला हवं होतं आणि काय झालं नाही, याची वेगळी चौकशी झाली. ते मी इथे लिहीत नाही.

शुक्रवारी चौकशीसाठी अकोल्याची जुनी नोंद शोधायला सुषमाताईंना फोन केला. काळे नावाखाली काहीच सापडेना. मी सहज म्हटलं, याच क्रमांकावर ते ‘काये पाहा’ येत होतं. त्या हळूच म्हणाल्या, “दादा, आडनाव काळे आहे ना? आमच्या खेड्यात काळेले काये म्हणतात.”

आपल्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो, शाळेची शाया होते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझी आजीसुद्धा तसंच बोलायची.

‘काये’ या नावाखाली नोंद पहिल्याच झटक्यात सापडली. सहा वर्षांपूर्वीची, दामूभाऊंच्या हातची. निर्मला काये, मुक्काम तेल्हारा. त्याच इंजेक्शनने जीव जाता जाता वाचला, पुन्हा देऊ नये.

“फोनवर ते असंच सांगत,” सुषमाताई म्हणाल्या. “काये पाहा, इंगये पाहा.”

मग मी गेटवेने अडवलेल्या गोष्टींची यादी उघडली. गुरुवारी तीन वाजून बारा मिनिटांपासून तीन वाजून एकतीस मिनिटांपर्यंत सत्तेचाळीस नोंदी. सगळ्या कोऱ्या नावाच्या, सगळ्यांत तेच दोन शब्द. शेवटच्या काहींमध्ये तर दोन नोंदींत सेकंदाचंही अंतर नाही.

कंपनीची दोन माणसं आठवडाभर बसली. दामूभाऊंचं जुनं मशीन मीच भंगारात काढलं होतं, त्याची पावती आहे. तो मजकूर कुठल्याही सर्व्हिसमध्ये लिहिलेला नाही. बाहेरून कोणी घुसल्याची खूण नाही. अडवायची सूचना मी त्याच शुक्रवारी काढून टाकली. त्यानंतर आजपर्यंत एकही ओळ आलेली नाही. हे काय होतं, ते मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला सांगता आलं तर सांगा.

तेराव्याला मी तेल्हाऱ्याला गेलो. बाईंचे यजमान, वासुदेवराव, अंगणात बसले होते. चूक आमच्या यादीची होती आणि यादी माझी होती, हे मी त्यांना सांगितलं. त्या ओळींबद्दल मात्र बोलायचं धाडस झालं नाही.

“मी त वार्डाच्या बाहीर बाकड्यावर बसून होतो साहेब. चारी दिवस,” ते म्हणाले. “ते सुई तिले चालत नाई, मले ठावं होतं. मले कोनी इचारलंच नाई.”