मनी बाहेर गेलीय

सुतारकाकांनी आयुष्यात कुणाला चापटसुद्धा मारली नव्हती, आणि याचा त्यांना कोण अभिमान! गल्लीत कुणाचं वाजलं की मंडळी निवाड्यासाठी त्यांच्याकडे धावायची. काका हातातलं काम बाजूला ठेवायचे, कपड्यांवरचा भुसा झटकायचे आणि हळू आवाजात दोन्ही बाजूंना गार करायचे.

घरात मात्र वेगळाच कारभार. राग आला की काका अबोला धरायचे. काकूंनी सासऱ्यांचा जुना रंधा नकळत भंगारात घातला, त्याला महिना उलटून गेला होता, तरी काकांच्या तोंडून चकार शब्द नाही. काकू बिचाऱ्या मांजराशी बोलायच्या. "मने, त्यांना सांग, ताट वाढलंय." काका मुकाट्याने जेवायचे आणि नंतर मनीला मांडीवर घेऊन तिच्याशी लाडाने गप्पा मारायचे.

एका संध्याकाळी शेजारचा रंगारी बायकोला घेऊन आला. जेवता जेवता त्याने ताट भिंतीवर भिरकावलं होतं.

"मी हिला बोटही लावलं नाही, काका," रंगारी म्हणाला. "आणि डोकं हिनेच फिरवलं."

"तेव्हापासून घरात चोरासारखी वावरतेय मी," बायको म्हणाली.

"स्वतःच्या घरात चोरासारखी? मग मारलंसच की तू तिला," काका शांतपणे म्हणाले. "डोकं कुणीही फिरवलेलं असो, ताट कुणाच्या हातात होतं?"

रंगाऱ्याची मान खाली गेली. "चुकलंच माझं," तो बायकोला म्हणाला.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. काकांकडे न बघता त्यांनी कप ठेवला, तोही इतका अलगद की बशी वाजली नाही. काकू अशा दबकून कधीपासून वावरायला लागल्या, ते काकांना आठवेना. रंधा काकूंनी घालवला होता खरा, पण तोंड कुणी मिटलं होतं? काकांना स्वतःचीच लाज वाटली.

शेजारी गेले. काकू कप गोळा करू लागल्या.

"राहू दे ते," काका म्हणाले. "बस ना जरा माझ्याजवळ."

काकू दचकल्या. त्यांनी वाकून खुर्चीखाली पाहिलं, मग दाराकडे.

"मनी बाहेर गेलीय," त्या म्हणाल्या.