भुरा डबा

हिंमतरावांचे आजोबा गायकवाडांच्या पागेत शिलेदार; नातवाच्या हाती मात्र रंधा आला, आणि तो त्यांना शोभूनही दिसला. लहानपण मामाकडे साताऱ्याला गेलं. बडोद्याला येऊन, संस्थानच्या रेल्वे कारखान्यात सुतारकीला लागून चार वर्षं झाली होती. वाक्याच्या शेवटी 'छे' लावलं की झालं गुजराती, अशी त्यांची पक्की समजूत. "लाकूड ओलं छे, उद्या ये छे," असं बेधडक ठोकून द्यायचे. त्यांच्या रखमाबाई अस्सल बडोद्याच्या. त्या पदराआड हसायच्या.

त्या वर्षी डभोईत जुन्या चिजांचं प्रदर्शन उभं राहत होतं. आवारात दोन फर्लांग रूळ टाकून, चाळीस वर्षांपूर्वी बैल जुंपून चालवायचे तसला डबा पुन्हा चालवायचा होता. डबा सापडला, पण त्यात कोंबड्या नांदत होत्या. कामावर देखरेख करणाऱ्या भास्कररावांनी बजावलं, "हुबेहूब जुना झाला तर ठेवू. नाहीतर मोडून चाकं दुसरीकडे लावू."

मोडायचं नाव निघताच हिंमतरावांनी बाह्या सरसावल्या. तीन महिने ते कारखान्यात डब्याला चिकटले. सडक्या फळ्या काढून सागाच्या बसवल्या, बाकांना गोलाई दिली. रंग तेवढा उन्हापावसानं पार खाल्ला होता. मग त्यांनी मूळजीकाकांना गाठलं. तरुणपणी काकांनी याच डब्याचे बैल हाकले होते.

"काका, रंग कुठला छे?"

"भूरो हतो, भाई. एकदम भूरो!"

झालं! हिंमतरावांनी डब्याला गव्हाळ भुऱ्या रंगाचे दोन हात मारले.

तपासणीच्या सकाळी काका आले नि कपाळावर हात मारून घेतला. "आ शुं कर्युं? में तो भूरो कह्यो'तो!"

"मग हा काय? भुराच छे की!"

"आ तो मारा बळदनो रंग छे!"

भाकरी घेऊन आलेल्या रखमाबाई पोट धरून हसायला लागल्या. "अहो, हा त्यांच्या बैलांचा रंग! गुजरातीत भूरा म्हणजे निळा! मला विचारलं असतंत तर जीभ झडली असती का?"

हिंमतरावांचा चेहरा उतरला. खात्री करायला त्यांनी दारावरची नंबराची लोखंडी पट्टी उचकटली. खाली ऊनपाऊस न लागलेला, तळहाताएवढा निळाशार तुकडा.

"बेसाडी दे पाछी," काका कुजबुजले. "साहेबने क्यां खबर छे?"

तेवढ्यात भास्कररावांचा टांगा फाटकात शिरला. हिंमतरावांनी पट्टी बसवली नाही. हातात धरूनच ते पुढं झाले.

"रावसाहेब, रंग चुकला. खरा हा," म्हणून दारावरचा निळा तुकडा दाखवत त्यांनी भुऱ्याचं सगळं रामायण सांगितलं.

भास्करराव एकदा तुकड्याकडे, एकदा डब्याकडे बघत राहिले. मिशा थरथरल्या, आणि हसू फुटलंच. "अहो, पट्टी ठोकून टाकली असतीत तर मला काय कळणार होतं?"

"तुम्हाला नसतं कळलं. पण काका रोज शिव्या घालत बसले असते."

"डबा राहतोय. आठ दिवस देतो. आणि रंग आणायला बाईंना पाठवा."

रखमाबाई लगेच पदर खोचून निघाल्या. हिंमतरावांनी खरवडायला पत्रा घेतला. बडबडत का होईना, काकांनीही एक उचलला, आणि दुपारपर्यंत फळ्या खरवडता खरवडता कुठला बैल कुठल्या वळणावर अडून बसायचा ते नावानिशी सांगत राहिले.