नऊ झाकणं पाणी

दारू सोडून मला एक वर्ष, दोन महिने आणि अकरा दिवस झाले होते. आकडा बरोबर आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी रोज पेन्सिलीने एक टिंब देतो.

आमची नागावात नारळ-सुपारीची वाडी आहे. भातलावणीची कामं उरकली की वाडीच्या कोपऱ्यात, उंडीच्या झाडाखालच्या दगडाला राखण द्यायची असते. कोंबडा, नारळ आणि दारू. वाडी सांभाळणाऱ्या राखणदाराचा हा मान. घरात कुणी पीत नसलं तरी त्या दिवसापुरती बाटली येतेच. त्या वर्षी माझ्या चुलतभावाने देशीची पाव बाटली बारा दिवस आधीच आणून दिली, कारण पुढचे दहा दिवस त्याला कंपनीतून सुट्टी नव्हती. बायकोने ती माझ्यासमोर माळ्यावर, पितळी पातेल्यांच्या मागे ठेवली.

"लपवली तर तुम्ही शोधाल," ती म्हणाली. "म्हणून सांगून ठेवते."

आमच्यात एक बोली होती. सोडायच्या आधी ती मुलीला घेऊन तळा गावात माहेरी गेली होती. परत आली ती एका अटीवर: पुन्हा एकदा जरी प्यायलात, तरी मी जाईन, आणि मग न्यायला येऊ नका. अट मी ऐकली होती आणि मान्य केली होती.

चौथ्या दिवशी मोठं पातेलं काढायला माळ्यावर चढलो तर बाटलीचं सील तुटलेलं. दारू गळ्याच्या खाली उतरलेली. मी लेबलावर पेन्सिलीने बारीक रेघ मारली आणि खाली आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं, दारू रेघेखाली. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी खाली.

मी प्यायलो नव्हतो. मग कोण? गळकी कौलं बदलायला आलेला माणूस दोन दिवस घरात वावरत होता, पण तो गेल्यावरही दारू उतरतच होती. चुलतभाऊ संध्याकाळी माझ्या आईची चौकशी करायला यायचा, पण तो माळ्याखाली उभासुद्धा राहिला नव्हता. तरी त्याने चहाला नको म्हटलं तेव्हा मी त्याच्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं. "काय रे, ओळखत न्हाय काय मला?" त्याने विचारलं. मग बायकोवर संशय गेला. मी हात लावतो का हे पाहायला तीच रोज थोडी ओतून देत असेल. असं वाटल्यावर मला राग आला, आणि रागापाठोपाठ एक वाईट शंका आली. पिण्याच्या दिवसांत मी प्यायलेलं विसरायचो. सकाळी शपथेवर सांगायचो की घेतली नाही, आणि ते मला खरंच वाटायचं. आताही तसंच होत नसेल कशावरून? त्या दुपारी मी स्वतःचाच तळहात तोंडाशी धरून श्वास हुंगला. काही कळलं नाही.

मंगळवारी अलिबागला आम्हा दारू सोडलेल्यांची बैठक असते. तिथे हे सांगायचं होतं. सांगितलं नाही. कुणी विश्वास ठेवणार नाही असं वाटलं.

राखणेच्या दोन दिवस आधी बायको बाटली खाली काढणार होती. त्या दुपारी ती पर्यटकांना भाड्याने देतो त्या खोल्यांत चादरी बदलत असताना मी माळ्यावर चढलो, झाकण उघडलं, तोंड बाजूला वळवून श्वास रोखला आणि तांब्यातलं पाणी झाकणाने मोजून बाटलीत घातलं. नऊ झाकणं. बाटली गळ्यापर्यंत भरली. पूर्वी मी हेच करायचो. तेव्हा प्यायलेलं लपवायला, आता न प्यायलेलं.

संध्याकाळी बायकोने बाटली खाली आणली आणि ओट्यावर ठेवली. मग ती पुन्हा उचलून उजेडाकडे धरली.

"ही भरली कशी?" तिने विचारलं.

मग तिनेच सांगितलं. आईचे गुडघे पावसात धरतात. आईने जुना उपाय मागितला, कापूर घालून दारू चोळायचा. त्यासाठी बायको रोज एक झाकण काढत होती. देवाची बाटली फोडली म्हणून मी बोलेन, आणि दारूचा विषयच घरात नको, म्हणून तिने मला सांगितलं नव्हतं. आईच्या खोलीत नऊ दिवस कापराचा वास येत होता. त्याखाली दुसरा वास असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

"पाणी मी घातलं," मी म्हटलं. "प्यायलो नाही. तू म्हणशील की मी प्यायलो, म्हणून घातलं. नऊ झाकणं. तू किती काढलीस?"

तिने बोटांवर मोजलं. "नऊ."

मला हायसं वाटलं. मी म्हटलं, मग हिशेब जुळला.

"तुमचा हिशेब प्यायल्यावरही जुळायचाच," ती म्हणाली.

मुलीची शाळेची बॅग दाराशी होती. बायकोची नजर तिच्याकडे गेली, मग माझ्याकडे आली. मग तिने आईच्या खोलीतून कापराची वाटी आणली आणि बाटलीसह माझ्यापुढे सरकवली. "आजचं आईला तुम्ही चोळा," ती म्हणाली.

ही परीक्षा होती की भरवसा, मला कळलं नाही. पूर्वीचा मी असतो तर छाती काढून बाटली उचलली असती.

"नको," मी म्हटलं. "मला जमणार नाही. दुपारी श्वास रोखला होता तरी वास आला, आणि नऊ झाकणं घालून झाल्यावरही मी बाटली लगेच बंद केली नाही. ही घरातून काढ."

तिने बाटली उचलून मोरीत रिकामी केली आणि दोन तांबे पाणी ओतलं. मग चुलतभावाला फोन करून सांगितलं की राखणेच्या दिवशी दुसरी बाटली आणा, थेट वाडीत आणा, आणि ओता पण तुम्हीच. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मंगळवारी हे सांगाल?"

पुढच्या मंगळवारी सांगितलं. राखणेला मी फक्त नारळ वाढवला. आईचे गुडघे आता तिळाच्या तेलावर आहेत आणि ती रोज कुरकुरते.

बायकोला पुरता विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. अजूनही मी बाहेरून आलो की तिचं दाराजवळ काहीतरी काम निघतं. छत्री उचलायची असते, नाहीतर पायपुसणं सरळ करायचं असतं. पूर्वी तोंडाचा वास येऊ नये म्हणून मी तिला टाळून बाजूने आत जायचो. आता दारातच उभा राहून चपला सावकाश काढतो, आणि दुकानात काय काय मिळालं ते तिच्यासमोर तोंड करून सांगतो.